भावाच्या वाटणीची वचनं

आमच्या घरी संध्याकाळी शास्त्र, म्हणजे बायबल, आळीपाळीने वाचायची रीत होती. अध्याय थोरल्याने सुरू करायचा, मग एकेकाने एकेक वचन. आईवडील गेल्यावर मी आणि माझ्या धाकट्या भावाने ही रीत उज्जैनला, फ्रीगंजमधल्या दोन खोल्यांत चालू ठेवली. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण, तो सरकारी ऑफिसात कारकून. पहिलं, तिसरं, पाचवं वचन नेहमी माझं; दुसरं, चौथं, सहावं नेहमी त्याचं. गावात मराठी घरं पुष्कळ होती, पण ख्रिस्ती असं आमच्या माहितीत आमचं एकच. गिरजाघरात सगळं हिंदीत चालायचं. तिथे मी शेवटच्या बाकावर बसायची आणि खरी उपासना घरी गेल्यावर होते असं मानायची.

मग त्याने लग्न ठरवलं. मुलगी त्याच गिरजाघरातली, नर्स, हिंदी बोलणारी.

"तिला आपलं शास्त्र वाचता येणार नाही," मी म्हणाले. "घरातली प्रार्थना बंद पडेल."

"ताई, प्रार्थना हिंदीत पण होते ना?" तो म्हणाला. उज्जैनलाच वाढलेला तो, त्याची मराठी निम्मी हिंदीच होती. "शादी तर मी तिच्याशीच करणार."

"कर. मग मला ताई म्हणू नकोस."

मी फटकळ आहे, हे शाळेतल्या पोरीही सांगतील. पण हे रागाच्या भरात तोंडून गेलेलं नव्हतं. मला तसंच म्हणायचं होतं.

त्याच सुमारास मध्य भारत हे राज्य मोडून नवं राज्य झालं आणि त्याचं ऑफिस भोपाळला हललं. तो गेला. लग्नाची पत्रिका आली, मी गेले नाही.

एकटीने वाचायच्या पहिल्या संध्याकाळी मी पहिलं वचन वाचलं आणि सवयीने थांबले. पुढचं वाचायला कोणी नव्हतं. मला रडू आलं आणि रडू आल्याचा संताप आला. त्याच्या वाटणीचं मी का वाचू? गरज असेल तर येऊन वाचेल! मी सरळ तिसरं वचन वाचलं. पुढे तीच सवय पडली. शाळेतून आले की दुसऱ्या दिवशी शाळेत जाईपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नसे. शेजारच्या काकू मला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही या पेचात पडायच्या आणि तिळगूळ दारातच देऊन जायच्या. घरात माणसाचा आवाज व्हावा म्हणून मी माझी वचनं मोठ्याने वाचायची. तीन वर्षं एक दिवस चुकवला नाही, आणि त्याचा मला मोठा अभिमान होता.

एका रविवारी शास्त्रपाठ वाचणारे गृहस्थ तापाने आजारी पडले. पादरी साहब म्हणाले, "बहनजी, आज आप पढ़ दीजिए." हिंदी मी शाळेत शिकवतच होते. उठून उभी राहिले. डोंगरावरच्या प्रवचनातला भाग होता. देवाला अर्पण आणलंस आणि भावाचं मन तुझ्यामुळे दुखावलंय हे आठवलं तर, इथवरचं तेविसावं वचन मी खणखणीत वाचलं. ते माझ्या वाटणीचं. अर्पण तिथेच ठेव, आधी जा आणि भावाशी समेट कर, हे चोविसावं. ते त्याच्या वाटणीचं. तीन वर्षं घरी मी तेविसाव्यावर थांबून पंचविसाव्यावर उडी मारत होते. लहानपणापासून पाठ असलेलं वचन, पण ते मलाच सांगितलेलं आहे असं एकदाही मनात आलं नव्हतं. कसाबसा पाठ संपवून मी जागेवर आले. दानाची थाळी पुढे आली तेव्हा मुठीतलं दान मुठीतच ठेवलं आणि थाळी शेजारच्या बाईकडे सरकवली.

पुढच्या शनिवारी मी भोपाळची गाडी धरली. दार भावजयीने उघडलं. ती गोंधळली, मग वाकून नमस्कार करून तिने मला आत घेतलं. भाऊ पेपर वाचत होता, उठला नाही.

"माझं चुकलं," मी म्हणाले. वाटभर घोकलेलं बाकी काही आठवेना.

"ठीक आहे," तो म्हणाला. चहा झाला. दिवेलागण झाली तरी शास्त्र निघण्याचं लक्षण दिसेना, म्हणून मी विचारलं, तुमची प्रार्थना कधी असते?

"मी सोडली," तो म्हणाला. "तू रोज वाचायचीस, ताई. बिना नागा. आणि इतकं वाचून मला काय बोललीस? वाटलं, वाचून हेच होणार असेल तर रहने दो."

तो खरं बोलत होता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

भावजय आतून तिचं हिंदी शास्त्र घेऊन आली आणि माझ्यासमोर धरलं. "दीदी, आप पढ़िए."

"नहीं," मी म्हणाले, "तुम पढ़ो. मैं सुनूँगी."

तिने वाचायला घेतलं. पहिलं वचन, दुसरं, तिसरं, सगळी तीच वाचत होती. भाऊ उठून दाराकडे गेला. उंबऱ्याशी पोचला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. अध्याय संपेपर्यंत तो बाहेर गेला नाही.