पाटील म्हणे, बँड आमीच मोठा केला

बायांनो, आज रिसोडले लग्नात गावच्या बुढ्ढ्या पाटलानं आमच्या बँडपुढं माइक धरला अन् म्हणे, "हा बँड आमीच मोठा केला!"

माह्या अंगाची आग झाली. बँड माह्या मालकानं उभा केला. बहात्तरच्या दुष्काळानंतर पार अकोल्याहून बोलावणं येऊ लागलं. पोळ्याले गावच्या बँडनं पाटलाच्याच बैलापुढं वाजवायचा रिवाज. एका पोळ्याले मालक तो मोडून अकोल्याले वाजवाले गेले. एसटीतून उतरताच ह्याच पाटलानं त्याईचा डावा हात ढोलावर दाबला अन् काठीनं तीन बोटं मोडली. मी काठी हिसकली अन् त्याचं डोस्कं फोडलं. रक्त पाहून मले बरं वाटलं.

मालक क्लॅरिनेट वाजवत, अन् त्याले दोन्ही हातांची बोटं लागतात. मंग ते उजव्या हातानं ट्रंपेट शिकले, रेडिओवरबी वाजवलं.

आज मी माइक हिसकला. "पाटील, बोटं कोणं मोडली तेबी सांगा!"

"वहिनी, जुनं कायले उकरता?"

"सुरू कोणं केलं?"

पाटील खाली बसला. सोयरे मलेच म्हणे, लग्नात शोभा केली. मालक जित्ते असते त हसून सोडून देते. मी नाई सोडत. तुमी सोडलं असतं काय?