पोत्यांच्या हिमालयामागे

ते चौघे कोटात होते. चौघांचे कोट एकाच कापडाचे, बूट टोकदार, केस मागे वळवलेले. चौघेही एकाच बाजूला किंचित झुकलेले, जणू वारा फक्त त्यांच्यापुरताच वाहत होता. मधल्या एकाच्या हातात लाल गिटार. पिंपरीच्या आमच्या क्वार्टरमध्ये रेकॉर्डचं ते कव्हर लोखंडी कपाटावर टेकवून ठेवलेलं असे, आणि दुपारी खिडकीतून ऊन आलं की आधी त्या लाल गिटारवर पडे. आता मी डीमन नावाच्या डच गावात चौथ्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात इथला सूर्य जेवणं झाली तरी मावळायचं नाव घेत नाही. खालून ट्राम जाते, समोरच्या काचांवर लाल उजेड सरकत राहतो आणि मला ते चौघे दिसतात.

ती रेकॉर्ड ही माझी पहिली घासाघीस. वडिलांच्या कारखान्यातले एक इंग्रज इंजिनिअर मायदेशी चालले होते आणि सामान विकत होते. वडिलांना नाट्यगीतांसाठी रेकॉर्ड प्लेअर हवा होता. मी दहा वर्षांचा. मोडक्या इंग्रजीत साहेबांना विचारलं, रेकॉर्डच नसेल तर मशीन चालतंय हे कळणार कसं? साहेब हसले आणि त्यांनी रेकॉर्डींचं अख्खं खोकं वर दिलं. परत येताना वडील म्हणाले, "कार्टं कुठेही उपाशी मरायचं नाही."

मेलो नाही. नोकरीच्या परवान्यावर या देशात आलो, वरिष्ठाशी भांडून नोकरी सोडली, ऑफिसांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर घेऊन विकायचा धंदा एकट्याने उभा केला. भाव करायचा तर मी डचमध्येच करतो. इंग्रजीत बोललं की यांना वाटतं पाहुणा आला. जे मागितलं ते बहुतेक मिळवलं. एकच गोष्ट मिळाली नव्हती, आणि ती माझ्या सख्ख्या भावाकडे होती.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. ती रेकॉर्ड त्याने मनावर घेतली. शब्द नव्हते, गाणारा नव्हता, नुसती गिटार. पण ती गिटार आम्हाला ठाऊक असलेल्या कुठल्याच गिटारसारखी वाजत नव्हती. एक सूर छेडला की तो लांब कुठेतरी जाऊन परत यायचा, मग आणखी बारीक होऊन पुन्हा यायचा. ओल्या दगडी जिन्यात कुणी हाक मारावी तसा. आम्ही डोळे मिटून पडून ऐकायचो आणि खोलीची भिंत मागे मागे सरकत जायची. पलीकडे समुद्र असावा असं वाटायचं. दोघांनीही तोवर समुद्र पाहिला नव्हता.

तो सूर एका मशीनमुळे परत येतो हे आम्हाला कोण सांगणार? आम्ही समजलो, हे बोटांचं काम आहे. त्या माणसांचा हात इतका तयार आहे की तेच एकेक सूर तीनदा वाजवतात, जोरात, हळू आणि अगदी हळू. म्हणून आम्हीही तसंच बसवलं. एकाच्या बोटांना ते जमेना, तेव्हा दादाने वाटणी केली. चाल तो वाजवणार. माझ्याकडे चीर गेलेली जुनी गिटार. त्याचा सूर सुटला की मागोमाग मी तोच दोनदा वाजवायचा, दुसऱ्यांदा इतका हलका की स्वतःलाच जेमतेम ऐकू यावा. अख्खी उन्हाळ्याची सुट्टी क्वार्टरच्या जिन्यात मी हेच केलं. मी भावाचा प्रतिध्वनी होतो, आणि खोटं कशाला सांगू, मला त्यात सुख होतं. अजूनही झोप लागता लागता बोटांच्या टोकांना ते हलके सूर आठवतात.

मग गणपती आले. विविध गुणदर्शनाच्या कार्यक्रमात दादाचं नाव होतं. त्या वर्षी देखावा कैलासाचा. पोत्यांना चुना फासून मोठा हिमालय उभा केला होता. दादा म्हणाला, "बारक्या, तू डोंगरामागे बस. आवाज डोंगरातून आल्यासारखा वाटेल."

मी बसलो. बनियनवर, चुन्यात, उकाड्यात. पुढे दादा वडिलांचा कोट घालून त्या चौघांसारखा झुकून उभा. त्याने पहिला सूर सोडला आणि हिमालयाने तो परत दिला. सगळा मांडव चिडीचूप. मला पोत्याच्या भोकातून फक्त एक दिवा आणि दादाचा खांदा दिसत होता. इतकं सुंदर मी नंतर काही वाजवलं नाही.

टाळ्या थांबल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "आवाज परत कसा येत होता रे? मागे कोणी आहे का?"

"कोणी नाही," दादा म्हणाला. "हात बसलाय."

त्याला पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा मोठा डबा. आईने भांड्यांच्या दुकानातून त्यावर त्याचं नाव घालून आणलं. त्या डब्यातला चिवडा मी कधी खाल्ला नाही. घरी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

यंदा दादा आणि वहिनी पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होते. तिकिटं मीच काढली. बायकोला वाटलं, भावाची माया. मला त्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं: मागे माझा भाऊ होता. सत्तरीला आलेला माणूस आणखी किती वाट बघायला लावणार?

एप्रिलअखेरीस राजाचा वाढदिवस असतो. त्या दिवशी या देशात कुणीही रस्त्यावर चादर पसरून घरातलं जुनं विकू शकतो. बायकोला घेऊन युट्रेख्टला गेलो. कालव्याच्या काठाने चादरीच चादरी, केशरी टोप्या, खाली पाण्यावर पानांचा हिरवा उजेड. एका म्हाताऱ्याच्या चादरीवर करड्या रंगाची एक पेटी दिसली आणि माझे पाय थांबले. इकडे आल्यावर असल्या पेट्यांविषयी मी वाचलं होतं, आणि ज्या दिवशी वाचलं त्या दिवशी कुणीतरी लहानपणी फसवल्यासारखा चिडलो होतो. आत फितीचा छोटा फेरा गोल फिरत राहतो, गिटारचा सूर त्यावर उमटतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा वाजतो. बस. त्या चौघांची सगळी जादू एवढीच.

मी आधी शेजारची इस्त्री उचलली, मग एक पुस्तक, मग सहज म्हणून पेटी. "झाकणाला चीर आहे," मी म्हणालो.

"मलाही आहेत," म्हातारा म्हणाला. "बारा जागी."

त्याने आकडा सांगितला. मी निम्मा सांगितला. तो म्हणाला, "साहेब, तरुणपणी आम्हा चौघांची टोळी होती. लाल गिटारवाल्या त्या इंग्रजांच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून वाजवायचो. ही पेटी तेव्हाची आहे." मी म्हणालो, म्हणजे जुनी आहे, आणखी कमी करा. बायको दुसरीकडे बघू लागली.

मग त्याने मागच्या घराच्या खिडकीतून वायर ओढली, आपली जुनी गिटार जोडली आणि एकच सूर छेडला.

तो सूर कालव्यापलीकडे गेला आणि परत आला. मग बारीक होऊन पुन्हा आला. मला चुन्याचा वास आला, अगदी नाकात. मी उभाच राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. म्हाताऱ्याला वाटलं, हा माझा डाव आहे. त्याने आपणहून भाव खाली आणला. मी तरी गप्प. त्याने आणखी खाली आणला.

"गप्प बसा हो!" मी ओरडलो. "पहिला आकडा होता तोच घ्या."

ट्रेनमध्ये बायकोने माझ्या कपाळाला हात लावला. "अहो, ताप आहे की काय?"

दादा आला तेव्हा ट्युलिप संपत आले होते. चार दिवस मी दम धरला. पाचव्या दिवशी संध्याकाळी, दोघी जावा खाली फिरायला गेल्या असताना, ओट्यावर तो स्टीलचा डबा दिसला. वहिनींनी त्यातून चिवडा आणला होता. झाकणावर त्याचं नाव, टिंबाटिंबांचं, अर्धं झिजलेलं. माझं डोकं फिरलं. डबा आणि पेटी दोन्ही नेऊन त्याच्यापुढे आदळली. इकडे आल्यावर त्या चौघांसारखी हवी म्हणून घेतलेली माझी लाल गिटार जोडून त्याच्या हातात कोंबली. "वाजव. हे बघ, मी काय होतो ते."

दादाने गिटार घेतली. बोटं ताठ झाली होती, तरी चाल निघाली. पेटीने सूर परत दिला, आणि पुन्हा दिला. बाहेर उजेड तसाच रेंगाळत होता. चौथ्या पाचव्या सुराला त्याचं बोट घसरलं आणि तो थांबला. चुकलेला सूर पेटीतून दोनदा परत आला.

"हे बरोबर नाही," तो म्हणाला.

"यंत्र आहे ते. चुकेल कसं?"

"तेच तर. माझी चूक तीन-तीनदा वाजवतंय. तू वाजवायचा नाहीस. मी चुकलो की तू गप्प बसायचास. त्या दिवशी मांडवात मी तीनदा चुकलो. कुणाला कळलंसुद्धा नाही."

मला वाटायचं, ते फक्त मला माहीत होतं. पण राग इतक्या सहज सोडण्यातला मी नाही. "मग 'कोणी नाही' का म्हणालास?"

तो झाकणावरच्या नावावरून अंगठा फिरवत राहिला. "कोट एकच होता. तू चुन्याने पांढराफटक. बाहेर आला असतास तर लोक हसले असते."

"हसू देत की मला!"

"तुला नाही रे. मला हसले असते. सगळं हा धाकटाच करतोय, म्हणाले असते." मग हळूच म्हणाला, "तू होतास मागे. मला माहीत होतं. रोज माहीत होतं."

मी म्हणालो, "या डब्यावर माझं नाव घाल."

"आता भांड्यांवर नावं घालणारा शोधू कुठे? तुझ्या या डीमनात?"

"मग एकदा मी पुढे, तू मागे."

"अर्धं अर्धं."

"पूर्ण. आणि तू डोंगरामागे."

"इथे डोंगर कुठला, बारक्या? हा देश तर पोळपाटासारखा सपाट." पण तो उठला. माझी दुसरी, साधी गिटार घेऊन पॅसेजमध्ये गेला, जिथे आम्ही हिवाळ्यातले कोट टांगतो, आणि कोटांच्या मागे जाऊन स्टुलावर बसला. खाली फक्त त्याचे पायमोजे दिसत होते.

मी पेटी बंद केली, खिडकीपाशी उभा राहिलो, किंचित एका बाजूला झुकलो आणि पहिला सूर छेडला. कोटांमधून तो परत आला, लोकरीतून गाळल्यासारखा मऊ. मग आणखी हलका. दादाची बोटं उशिरा पोचत होती. दुसऱ्या ओळीत मी चुकलो. पॅसेजमध्ये शांतता.

खालून ट्राम गेली. ओट्यावरून आणलेल्या डब्याचं झाकण मघाच्या आदळण्याने सैल झालं होतं. चिमूटभर चिवडा तोंडात टाकला. जरा मऊ पडला होता. मग पुन्हा सुरुवातीपासून घेतलं, आणि या वेळी प्रत्येक सूर सोडून थांबत गेलो, कारण आधीचा अजून यायचा होता.