मॉरीनच्या वहीतला कोपरा

मॉरीन थॅक्स्टरने हात वर केला की माझं पोकलेन थांबायचं. एकवीस वर्षं हेच. इंग्लंडात, लिंकनशरमध्ये नवी घरं उठायच्या आधी मी बिनदाती बकेटने मातीचा एकेक थर काढायचा, आणि जुनं काही निघतंय का ते पुरातत्त्व तज्ज्ञ म्हणून तिने शेजारी उभं राहून बघायचं. तिचे गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. "क्लिफर्ड, साय काढायचीय, विहीर नाही खणायची!" म्हणून ओरडायची. बिल्डरची माणसं तिला टरकून असत. मातीतला नुसता काळपट डाग बघून, इथे चूल होती की थडगं, हे ती सांगे.

नियम एकच. ती नजरेआड गेली की यंत्र बंद.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत स्लीफर्डजवळच्या साइटवर ती संडासला गेली. त्या चिखलातून जाऊन यायला तिला पंधरा मिनिटं लागत. मी गारठलो होतो, कोपरा उरकून घरी जायचं होतं. म्हटलं, दोन बकेटांनी काय आभाळ कोसळतंय! दुसऱ्याच बकेटमध्ये काळी माती आली. तिच्यात लहान मुलाची कवटी होती, आणि निळे मणी. मी ते सगळं ढिगात ओतलं, वर आणखी माती लोटली आणि कोपरा खालच्या कोऱ्या पिवळ्या मातीपर्यंत साफ केला. मधे एकदाही थांबलो नाही. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मॉरीन लंगडत आली. "हा कोपरा झाला होता?"

"तू गेलीस तेव्हाच झाला होता की. तुझ्या शिव्या कोण खाणार?"

तिने जमिनीकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "तू म्हणतोस म्हणजे झालं." वहीत लिहिलं, कोपऱ्यात काही नाही.

आता तिथे चौदा घरं आहेत.

गेल्या महिन्यात ती निवृत्त झाली. पबमध्ये सगळे जमले होते. आज काय वाट्टेल ते होवो, तिला सांगायचंच, असं ठरवून मी गेलो होतो. तिने काठी बाजूला ठेवून मला मिठी मारली.

"बाकीच्या ड्रायव्हरांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागायचं रे," ती म्हणाली. "तुझ्याकडे पाठ करून मी निर्धास्त जायचे. माझ्या वहीत एक ओळ खोटी नाही, ती तुझ्यामुळे."

मी विचारलं, "काय घेणार, मॉरीन?" आणि तिचा ग्लास भरून आणायला काउंटरकडे वळलो.