भिंतीपलीकडचं मुलींचं वसतिगृह

हे लिहायला बसलो खरा, पण लिहावं असा माझा अधिकार आहे का, याची मला खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. सरकारी खर्चाबद्दल जाणकारांनी बोलावं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र, आणि अजून चारचौघांत बोलायला उठलो की पहिलं वाक्यच विसरतो. कुठे चुकीचं समजलो असेन तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण जे झालं ते माझ्या बहिणीच्या बाबतीत झालं, आणि ती स्वतः लिहिणार नाही. तिला आता वेळ नसतो.

मी नगरला मुलांच्या सरकारी वसतिगृहात राहतो. आमच्या भिंतीला लागूनच मुलींच्या वसतिगृहाची इमारत आहे. मी आलो तेव्हाच ती बांधून तयार होती. रंग दिलेला, नळ बसवलेले, जिन्याला कठडे, आणि दाराला कुलूप. आत पलंग नाहीत म्हणून मुलींना प्रवेश देता येत नाही, आणि मुली नाहीत म्हणून पलंगांची कुणाला घाई नाही, असं आमचे गृहपाल सर हसत सांगायचे. पलंगांसाठी पैसे मंजूर झाले होते. मार्च संपता संपता ते वसतिगृहं चालवणाऱ्या खात्याने दुसऱ्याच कशावर तरी खर्च केले. हे लेखापरीक्षणात सापडलं. त्यामुळे खात्यांना खर्चाचा जाब विचारणारी विधिमंडळाची समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर आली, तेव्हा ती इमारत बघायलाही येणार होती.

सरांनी आदल्या दिवशी आमच्यातल्या एका मुलाला उभं करून त्याच्याकडून एकच वाक्य घोटून घेतलं: "जेवण चांगलं आहे, साहेब." दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या. समितीतल्या एका बाईंनी त्या मुलाला विचारलं, "न्हाणीघरात पाणी येतं का रे?" तो म्हणाला, "जेवण चांगलं आहे, साहेब." सगळे हसले, अधिकारीसुद्धा हसले. त्या हशात मी हात वर केला. कसा केला ते मला आजही कळत नाही.

"साहेब, शेजारचं वसतिगृह कधी उघडणार? माझी बहीण बारावी सायन्सला आहे. तिला नगरला बी.एस्सी. करायचंय. आमच्या गावाला शेवटची एसटी लवकर सुटते, प्रॅक्टिकल झाल्यावर मिळत नाही."

समितीचे अध्यक्ष वयस्कर होते. त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि शेजारच्या अधिकाऱ्यांकडे वळले.

"पलंगांची खरेदी प्रक्रियेत आहे, साहेब," अधिकारी म्हणाले.

"मुली काय प्रक्रियेत झोपणार आहेत का? जूनमध्ये त्या आत राहायला आल्या पाहिजेत. आणि तसं समितीला लेखी कळवा."

"होय साहेब."

एक माणूस बाजूला उभा राहून हे सगळं लिहून घेत होता. मी त्याच्या पेनकडेच बघत राहिलो. पुस्तकात वाचलेलं आपल्या डोळ्यांसमोर घडतंय, एवढा मोठा अधिकारी लोकांच्या प्रतिनिधीसमोर मान खाली घालून उभा आहे, हे बघून माझा ऊर भरून आला होता. त्या दिवसापासून मुलं मला 'समिती' म्हणायला लागली. "ए समिती, चहा पितो का, का दौऱ्यावर निघालास?"

मी घरी फोन केला. त्या वेळी दुसराही एक मार्ग होता. संगमनेरला आमची मावशी राहते. ती म्हणाली होती, पोरीला माझ्याकडं ठेवा, इथं चांगली कॉलेजं हायेत. वडील दुधाच्या टेम्पोवर किन्नर, म्हणजे क्लीनर, आहेत. त्यांनी विचार केला आणि मावशीला नको सांगितलं.

"मावशीच्या घरात आदीच दाटी. आन् हितं तर साहेबानं सगळ्यांम्होरं सांगितलंय न्हवं?"

"हो आबा. लिहूनही घेतलं."

"लिवून घेतलंय? मंग झालं की. सरकारनं लिवल्यालं कोन पुसतंय?"

आबांना भोळं म्हणणं सोपं आहे, पण त्यांचा अनुभव तसाच होता. आईचं नाव रेशनकार्डावर चुकीचं लागलं, ते तहसीलला खेटे घालूनही बदललं नाही. शेवटी आईच त्या नावाला ओ द्यायला शिकली. सरकारने एकदा लिहिलं की ते हलत नाही, हे आमच्या घराने नेहमी आपल्या विरुद्धच अनुभवलं होतं. या वेळी ते आमच्या बाजूने लिहिलं गेलं, तेव्हा तेही हलणार नाही असंच आम्ही धरून चाललो.

जूनमध्ये एका सकाळी सरांनी आम्हाला खाली बोलावलं. आमच्या खोल्यांतले पलंग उचलून शेजारी न्यायचे होते.

"सर, उद्घाटन आहे का?"

"आधी उचला. आमदार व्हायची घाई नको."

आम्ही लोखंडी पलंग जिन्यावरून वर चढवले. हात सोलवटले, पण कुणी कुरकुर केली नाही. आम्हाला नवीन येणार आहेत, असं सर म्हणाले होते. मी वरच्या मजल्यावर खिडकीजवळ एक पलंग लावला आणि बहिणीला व्हिडिओ कॉल केला.

"हा तुझा. खिडकीपाशी आहे."

"दादा, खिडकीतून काय दिसतं?"

"आमचं वसतिगृह."

"मग नको बाई. दिवसभर तूच दिसणार. दुसरा बघ."

दुपारी खात्याच्या कार्यालयातून गाडी आली. तिथल्या एका मॅडमच्या मुली आणि त्यांच्या मैत्रिणी वह्या घेऊन पलंगांवर बसल्या. फोटो निघाले. एकीने तर खिडकीकडे बघत पेन हनुवटीला लावलं होतं. मला वाटलं, हे वर्तमानपत्रासाठी असेल. आम्ही काही रात्री जमिनीवर झोपलो, आणि मग एके दिवशी सर म्हणाले, पलंग परत आणा.

"आणि मुली, सर?"

"खरेदी झाली की येतील. तोवर तुम्ही कशाला जमिनीवर झोपता?"

कुलूप पुन्हा लागलं. जुलै असाच गेला. संगमनेरचे प्रवेश बंद झाले. नगरच्या कॉलेजात बहिणीचं नाव लागलं होतं, पण राहायला जागा नव्हती, आणि खोलीचं भाडं आबांच्या आवाक्याबाहेरचं होतं. काही दिवस ती एसटीने येऊन-जाऊन करून बघत होती. एकदा प्रॅक्टिकलनंतर गाडी चुकली आणि अंधारात ओळखीच्या टेम्पोतून घरी पोहोचली. त्या दिवशी आई म्हणाली, "बास झालं आता."

आता ती नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जाते. कामगारांना न्यायला ठेकेदाराची गाडी गावाच्या फाट्यावर येते आणि संध्याकाळी तिथेच आणून सोडते. कामावर नेणाऱ्या गाडीची वेळ कधी चुकत नाही. मी फोनवर म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. ती हसली. "समितीला विचार दादा, जून म्हणाले होते ते कोणत्या सालचं."

परीक्षेत आम्हाला प्रश्न आला, सरकारच्या खर्चावर विधिमंडळाचं नियंत्रण कसं असतं ते स्पष्ट करा. मी पुस्तकात आहे तसंच लिहिलं: विधिमंडळ पैसा मंजूर करतं, खातं तो खर्च करतं, लेखापरीक्षक तपासतात आणि समिती जाब विचारते. मला चांगले गुण मिळाले.

अधूनमधून मी खात्याच्या कार्यालयात जाऊन चौकशी करायचो. तिथले एक कारकून, भाऊसाहेब, माझ्याशी नीट बोलायचे, कधी चहाही पाजायचे. गेल्या महिन्यात मला दारात बघताच त्यांनी हात केला.

"ये ये, समिती. बातमी आहे. तुमच्या वसतिगृहाचा मुद्दा समितीने वगळला."

"वगळला म्हणजे?"

"मिटला. वसतिगृह सुरू झालं, मुली राहतात, असं आपण कळवलं होतं. फोटो जोडले होते. समितीने समाधान व्यक्त केलंय. अहवाल सभागृहातही मांडून झाला."

"पण भाऊसाहेब, तिथं कुलूप आहे. तुम्ही रोज त्याच रस्त्याने येता."

ते कपातला चहा बशीत ओतत राहिले.

"बरं, पलंगांचे पैसे तरी या वर्षी पुन्हा मागितलेत ना?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, चेष्टाही नव्हती. शिकणाऱ्या पोराला समजावून सांगावं तसं ते म्हणाले, "अरे, पैसे मागता येतात ते नवीन वसतिगृह सुरू करायला. हे तर सुरू झालंय. सुरू झालेलं पुन्हा कसं सुरू करणार, तूच सांग."