मागल्या दारचं जुन्नर

मार्गशीर्षातल्या सकाळी, ऊन अजून शिवनेरीच्या माथ्यावरच रेंगाळत असताना, जुन्नरच्या एखाद्या जुन्या दगडी चौकटीवर तळवा टेकवून पाहिला आहे तुम्ही कधी? रात्रभराचा गारवा त्या पाषाणाने पोटात धरून ठेवलेला असतो. बोटं बधिर होतात, तरी हात काढून घ्यावासा वाटत नाही. माणसांचा स्पर्श दुर्मीळ झाला, की दगडाचा गारवादेखील सोबतीला बरा वाटू लागतो. निदान मला तरी तसं झालं.

मी इथे आलो तो नोकरीसाठी, आणि तीस वर्षं इथल्या शाळेत इतिहास शिकवला. एकोणीसशे नव्वदच्या सुमाराला मला एक खूळ लागलं. दर रविवारी सकाळी सात वाजता एसटी स्टँडपाशी जमायचं आणि हौशी मंडळींना पायी गाव दाखवायचं. पेठेतल्या वाड्यांची कोरीव दारं, कागद बनवणाऱ्यांची जुनी गल्ली, बारव, मशिदीची कमान, आणि शेवटी गावाबाहेर, हापूसबागेतल्या जुन्या कबरीचा भव्य, मौन घुमट. दगडातल्या वेलबुट्टीचं वर्णन करताना माझा आवाज असा काही चढायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, ती माझ्याच आजोबांनी कोरली असणार. पुण्याहून कॉलेजची मुलं यायची, ओतूर-मंचरचे शिक्षक यायचे, काही बायका डबे बांधून घेऊन यायच्या. वीस-पंचवीस जणांच्या पुढे काठी हलवत चालताना मी काय रुबाबात असायचो, म्हणून सांगू!

पुढे मालती, माझी पत्नी, गेली. मूलबाळ नव्हतं. पाठोपाठ निवृत्ती आली, आणि सगळे दिवस सारखेच रिकामे झाले. त्यातला रविवार तेवढा भरलेला उरला. खरं सांगतो, तेव्हापासून इतिहास हे निव्वळ निमित्त होतं. मला कोणीतरी माझ्याबरोबर चालायला हवं होतं, बस्स. आणि नेमकी तेव्हाच माणसं ओसरू लागली. वाडे पाडून स्लॅबची घरं उठली, रविवारची सकाळ लोकांना टीव्हीपुढे बरी वाटू लागली. विसाचे सात झाले, साताचे दोन. दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात मी स्टँडवर तासभर उभा राहिलो आणि कोणीही आलं नाही.

परत जाऊन तरी काय करायचं होतं? कुलूप उघडायचं आणि आतून कडी लावायची. म्हणून मी एकटाच निघालो. सवयीने दरेक दारापुढे थांबलो आणि सवयीनेच बोलू लागलो, ही गणेशपट्टी पाहा, हा महिरपीचा डौल पाहा. एक दूधवाला सायकलवरून मान वळवून पाहत गेला, तेव्हा भानावर आलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांची नजर चुकवायला मी दिसेल त्या बोळात शिरलो, ती निघाली बुरूडआळी.

तिथे एका घराच्या उंबऱ्याशी हौसाबाई बसल्या होत्या; हे नाव मला मागाहून कळलं. वय साठीचं, हातात कोयता, पुढ्यात हिरवा वेळू. मला पाहून म्हणाल्या, "आज एकलंच, मास्तर? मंडळी कुठं गेली?" मंडळी संपली, मी म्हटलं. "धा-बारा वर्सं बघतीया तुमाला," त्या म्हणाल्या. "आळीच्या तोंडावरनं जाता, पर इकडं कदी वळला न्हाई. मी म्हनलं, आमचं काय बघायचं त्यांनी."

आता माझ्या विद्वत्तेची कथा ऐका. इथल्या डोंगरातल्या एका लेण्यात, दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखात, वेळूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा, म्हणजे कारागिरांच्या संघाचा, उल्लेख आहे. ही माझी हुकमी माहिती. ती सांगून मी किती वाहवा मिळवली असेल! आणि तेच काम करणारे हात पेठेपासून चार पावलांवर राबत आहेत, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ओशाळून मी हौसाबाईंना तो लेख सांगितला. त्यांनी कामट्या जुळवत ऐकून घेतलं आणि विचारलं, "नावं हायेत का तितं?" नावं नाहीत, नुसता धंदा लिहिलाय, मी म्हटलं. "मंग बराबर हाय," त्या म्हणाल्या, "आजबी कोन नाव इचारत न्हाई."

लग्नसराईची सुपं पोचवायला त्या निघाल्याच होत्या. टोपल्यांची चळत डोक्यावर घेतली, चार सुपं माझ्या हातात दिली. "चला, आज मी दावते गाव. तुमी म्होरून दावता, माजं समदं मागल्या दारानं."

ज्या वाड्याच्या दरवाजापुढे मी बारा वर्षं व्याख्यानं झोडली, त्याच्या परसात त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल ठेवलं. न्हाणीचा धूर होता, तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या दोन जावा होत्या, आणि एका नितांतसुंदर दगडी कोनाड्यात घरातल्या सगळ्यांचे टूथब्रश होते. कागदवाल्यांच्या गल्लीत एका म्हाताऱ्या भाभींनी हौसाबाईंना हाताला धरून खाली बसवलं, गुडघ्याचं विचारलं, चहा पाजला. दारोदारी हेच. आणि दारोदारी बायकांचा माझ्याकडे बघून एकच प्रश्न, "हे पावणं कुठलं?" इतकी वर्षं मी ज्याला माझं जुन्नर म्हणत आलो, त्या गावाच्या अंतरंगात मला कोणी ओळखत नव्हतं. फार एकटं वाटलं. स्टँडवर वाटलं होतं, त्याहून जास्त.

शेवटचं सूप हातात उरलं, तेव्हा आम्ही माझ्याच घराच्या पाठीमागे आलो होतो. हे दार तुम्हाला कसं ठाऊक, मी विचारलं. हौसाबाई पायरीवर टेकल्या. "लई वर्सं येत व्हते की. आयतवारी मालतीबाई हितंच बसल्याल्या असायच्या, ह्या पायरीव. मास्तर दुपारबिगर यायचे न्हाईत, बस गं घटकाभर, म्हनायच्या." मग म्हणाल्या, "तुमच्यासंगं यकदा समदं गाव बघावं, असं लई व्हतं त्यांच्या मनात. तुमाला बोलल्या न्हाईत का?"

बोलली होती. एका शनिवारी, पोळ्या लाटता लाटता. "उद्या मी येऊ का हो तुमच्याबरोबर?" आणि मी हसून म्हणालो होतो, "अगं, तुझा जन्म इथला. तुला काय नवं दिसणार?" तिने पुन्हा कधी विचारलं नाही. मीही कधी विचारलं नाही. तिला नवं काही पाहायचंच नव्हतं हो. तिला माझ्याबरोबर चालायचं होतं.

"ह्ये ऱ्हाऊ द्या बाईंच्या घरी," असं म्हणून शेवटचं सूप हौसाबाईंनी पायरीवर ठेवलं आणि त्या गेल्या. मालतीच्या मागे ते दार मी उघडलंच नव्हतं. पुढून वळसा घालून आत गेलो, गंजलेली कडी ठोकून काढली आणि पायरीवर येऊन बसलो, दुपार होईपर्यंत. रविवारची सकाळ तिथे किती लांब असते, ते मला ठाऊकच नव्हतं.