पुतळ्याला मुलाचा चेहरा

डेपोतले लोक त्याला पुढे ‘पुतळे’ म्हणायला लागले, पण त्याआधी तो नुसता ड्रायव्हर होता. गाडी बेताने चालवायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ज्या मूठभर माणसांमुळे हा देश उभा राहिला त्यांतल्या एकाचा तो मुलगा आहे, हे बरोबरच्या कंडक्टरलाही बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. तो सांगायचाच नाही. शाळेत धड्यात वडिलांचं नाव आलं की मास्तर कौतुकाने त्याला उभं करायचे, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वडिलांना त्याने पाहिलंच नव्हतं. तो आईच्या पोटात असताना ते तुरुंगात होते, आणि तिथेच गेले. त्याच सुमारास थोरली बहीण तापाने गेली. आईने इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी उकळून याला वाढवलं. सोड्याने तिच्या हातांची सालं निघायची. तेलाचं बोट लावताना ती डोळे मिटून घ्यायची, आणि पोराच्या मनात एकच यायचं: सरकारपुढे ‘चुकलो’ एवढा एक शब्द म्हणाला असता तर हा माणूस घरी आला असता. देशासाठी त्याच्याकडे सगळं होतं, आमच्यासाठी एक शब्द नव्हता.

तो चाळिशीला आला तेव्हा चौकात वडिलांचा पुतळा बसवायचं ठरलं. फोटो एकच होता, घोळक्यातला, तोही पुसट. शिल्पकार थेट डेपोत आला. ड्रायव्हर गाडीखालून बाहेर आला तसा तो त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला.

“हनुवटी तीच आहे हो! तुम्ही बसाल का समोर?”

नाही म्हणायचं त्याच्या जिभेवर आलं होतं, पण डेपो मॅनेजरने परस्पर रजा मंजूर करून टाकली. शिल्पकाराच्या शेडमध्ये ओल्या मातीचा वास होता. ड्रायव्हर स्टुलावर बसला की शिल्पकाराचं एकच पालुपद, “वडिलांचा विचार करा.” त्याने केला. बहिणीचा केला, आईच्या हातांचा केला. आतून असा संताप उसळला की दात आवळले गेले.

“हलू नका!” शिल्पकार ओरडला. “हाच तो निर्धार!”

अनावरणाला मंत्री आले, बँड वाजला, पडदा सरकला. आपलंच तोंड एवढं मोठं होऊन वरून आपल्याकडे रागाने बघतंय, हे पाहून ड्रायव्हरने नजर खाली वळवली. शेजारच्या खुर्चीत आई होती. लोक टाळ्या पिटत होते आणि ती मान हलवत होती.

“हे असे नव्हते रे दिसत,” ती म्हणाली. “शेवटी पाहिलं तेव्हा पार भेदरलेले होते.”

घरी येऊन तिने चप्पलसुद्धा काढली नाही. उंबऱ्यातच खाली बसली आणि सांगायला लागली.

“पोरगी तापाने फणफणली होती. तेव्हा जेलरने आपण होऊन मला आत सोडलं. म्हणाला, नवऱ्याला समजवा, चुकलो म्हणा, उद्या घरी. हे गजांना धरून उभे होते. म्हणाले, मी म्हणतो. मला नाही आता सोसत, पोरगी वाचली पाहिजे.”

“मग?”

“मीच म्हटलं, नको. आत एवढी माणसं तुमच्या तोंडाकडे बघून तग धरून आहेत. तुम्ही वाकलात तर ती कुणाकडे बघतील? पोरीचं मी बघते.” तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “नाही बघू शकले. ते कळल्यावर त्यांनी मला परत भेट दिली नाही. मी तुरुंगाच्या दाराशी जायचे, निरोप यायचा, येत नाहीत म्हणून. मग एकदा ते गेल्याचाच निरोप आला.”

ड्रायव्हरच्या तोंडून कसंबसं निघालं, “आई, इतकी वर्षं का नाही बोललीस?”

“तू त्यांच्यावर रागावलेला होतास. तेवढं माझ्यावरचं टळत होतं.”

त्याला रागावताही येईना आणि तिला जवळही घेता येईना. बायकोने येऊन सासूच्या पायातल्या चपला काढल्या तेव्हा कुठे तो जागचा हलला.

त्याची गाडी रोज चौकातून जायची. वळणावर तो मान खाली घालायचा. “पुतळे, स्वतःला तरी हात करा की!” कंडक्टर म्हणायचा, आणि अख्खी गाडी हसायची. दाढी करताना आरशात तो चेहरा यायचा. जो राग आयुष्यभर बापावर धरला, तोच बापाच्या तोंडावर कायमचा बसवून आपण मोकळे झालो, आणि बाप तर बिचारा घाबरलेला होता. त्याने दाढी वाढवली.

पुढे आईच्या डोक्याचा भरवसा राहिला नाही. एका दुपारी तो जेवत होता. ती भिंतीला धरून आली, समोर बसली आणि पदर सावरला. मुलापुढे ती कधी पदर सावरत नसे.

“अहो,” ती म्हणाली, “भेटायला का नाही आलात? माझं चुकलं का?”

घास त्याच्या हातातच राहिला. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात थबकली. ‘आई, मी आहे’ असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण ती ज्या आशेने बघत होती ते पाहून त्याला ते म्हणवेना.

“चुकलं नाही तुझं,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. “मीच घाबरलो होतो. तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती.”

“रागावला नव्हतात ना?”

“नाही.”

तिने मान डोलावली, त्याच्या ताटात भात वाढायला सांगितलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

ती त्याच वर्षी पावसाळ्याआधी गेली. पेपरात दोन ओळी आल्या, अमुक यांच्या पत्नी म्हणून. ड्रायव्हरने अर्ज करून मार्ग बदलून घेतला. आता तो गावाबाहेरच्या गिरण्यांकडे गाडी नेतो. पण आईला दिलेलं ते उत्तर काही त्याला सोडत नाही. ते खरं होतं की नाही, हे सांगू शकणारं आता कुणी उरलेलं नाही. कधी रिकाम्या गाडीत स्टिअरिंग धरून बसलेला असताना तो हळूच विचारतो, “अहो, रागावला होतात का?” आणि मग घाईघाईने इंजिन सुरू करतो.