गुरुजींची सकाळची गोळी

आरोग्यसेवा ही ईश्वरसेवा आहे, असं आमचे वडील, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, खर्डा गावातल्या घराच्या ओट्यावरून रोज सकाळी सांगत. त्यांना टीबी झाला होता आणि गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंना ते ऐकून घ्यावंच लागे, कारण गोळ्या डोळ्यांदेखत गिळवून घेणं हे ताईंचं काम होतं. परवा कपाटात गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं, तेव्हा एक सकाळ आठवली. गोळ्यांनी मळमळतं म्हणून वडील कावलेले होते. खंड पडला तर रोग औषधाला दाद देत नाही, असं ताईंनी मला बजावलं होतं, म्हणून मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो. गोळी तोंडात टाकून, पाणी पिऊन वडील सेवाभावावर बोलू लागले, पण जरा बोबडे. ताई म्हणाल्या, "लई भारी बोलता गुरुजी. आता आ करा." "माझ्यावर विश्वास नाही?" "तुमच्यावर हाय, गोळीवर न्हाई. जीभ वर करा. अजून चार घरं हायती मला." वडिलांनी निष्ठा, त्याग आणि राष्ट्र यांवर आणखी पाच मिनिटं घेतली. ताई हलल्या नाहीत. वडील आता ठणठणीत आहेत, रोज शेतापर्यंत चालत जातात. त्या सकाळी गोळी जिभेखाली होती.